पावलाचा कागद

सुकदेव परदेशी राहून आलाय असं सांगितलं की देवपुरातले अर्धे लोक हसतात. हसू देत बिचारे. तो ना विमानात बसला, ना त्याच्याकडे कधी पासपोर्ट होता. भुसावळला गाडीत चढला, गोरखपूरला उतरला, तिथून बसने सरहद्दीपर्यंत गेला, सरहद्द पायी ओलांडली आणि नेपाळच्या डोंगरातल्या एका मिशन दवाखान्यात नऊ महिने राहिला. जायचं ठरलं होतं एका वर्षासाठी. ते तीन महिने कुठे गेले, हे तो कुणाला सांगत नाही. मी सांगतो, कारण मला ते बेबाबाईकडून कळलंय आणि बेबाबाई त्या गोष्टीत गळ्यापर्यंत बुडालेली होती.

आधी त्याच्या आईचं सांगायला हवं. द्रौपदाबाई शिरपूरकडची. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिच्या मांडीवर चट्टा उठला. सासरच्यांनी महिनाभर पाहिलं, कुजबुज केली आणि एके दिवशी दवाखान्यात नेतो म्हणून तिला गाडीत बसवलं. धुळ्याजवळच्या महारोग्यांच्या मिशन दवाखान्याच्या फाटकाशी तिला आणि दोन वर्षांच्या सुकदेवला उतरवलं, आणि गाडी जी वळली ती वळलीच. नवरा पाठमोरा बसला होता, त्याने मान वळवून पाहिलं नाही, एवढं तिला आठवायचं. बाकी ती त्याच्याविषयी वाईट बोलायची नाही. चांगलंही बोलायची नाही.

गोळ्यांनी रोग गेला. तिथेच मायलेकरांनी बाप्तिस्मा घेतला. पण रोग जाताना पायांतली जाणीव घेऊन गेला. दोन्ही पाय घोट्यापासून खाली बधिर. काटा मोडला तरी कळायचं नाही, निखाऱ्यावर पडला तरी कळायचं नाही. डाव्या पायाची बोटं आखडून अर्धी झाली होती. पुढे ती देवपुरात चर्चच्या मागच्या खोलीत राहायला आली आणि चर्चची झाडलोट, पाणी भरणं, घंटा वाजवणं ही कामं तिच्याकडे आली.

अशा पायांचा वैरी रोग नसतो, रस्ता असतो. ही गोष्ट सुकदेव चौदाव्या वर्षी हिलाल मिस्तरींकडून शिकला. मिस्तरी मिशनच्या दवाखान्यात रोग्यांच्या चपला बनवायचे. तळाला स्पंजासारखं मऊ काळं रबर, त्याखाली टायरचा कठीण थर, वर रुंद पट्टे, आणि सगळ्या चपलेत एकही खिळा नाही. खिळा वर आला तर पायाला कळणार कसं? प्रत्येक चपलेआधी कागदावर पाऊल उतरवायचं. रोग्याने कागदावर उभं राहायचं, मिस्तरींनी गुडघे टेकून पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती फिरवायची. जुना कागद पडलेला असला तरी नवा उतरवायचा. सुकदेवने एकदा आळस केला तर मिस्तरींनी त्याच्या हातातली कात्री काढून घेतली. "जुना कागदवर भरोसा ठेवू नको," ते म्हणाले, "पाय जित्ता शे, तो रोज बदलस."

पोरगा हुशार निघाला. आईच्या चपला तो स्वतः करायचा, दर सहा महिन्यांनी एक जोड, कारण ते रबर तेवढंच टिकतं. आणि संध्याकाळी ती घंटा वाजवून आली की तिचे पाय मांडीवर घेऊन तळवे बघायचा. लाल दिसतंय का, हाताला कुठे गरम लागतंय का. ती लाजायची. लग्नाच्या वयाचा मुलगा आईचे पाय धरून बसतो, लोक काय म्हणतील म्हणायची. तो म्हणायचा, "लोकांचे पण धरतो की दिवसभर."

शहाऐंशी सालच्या पावसाळ्यात मिशनचं पत्र आलं. नेपाळातल्या एका दवाखान्यात चपला करणारा माणूस राहिला नव्हता. वर्षभरासाठी कोणी स्वयंसेवक हवा होता. राहणं-जेवण मिळेल, पगार नाही. पाळकसाहेबांनी ते उपासनेनंतर वाचून दाखवलं आणि सगळ्या मंडळीने माना वळवून सुकदेवकडे पाहिलं. त्याने आपली मान खाली घातली. त्याला जायचं नव्हतं. आईच्या पायांकडे कोण बघणार?

घालवलं ते आईनेच. ती हट्टी, म्हणजे एकदा नाही म्हणाली की सगळी मंडळी येऊन बसली तरी नाहीच. "आपलाले फाटकशी टाकी गयथात," ती म्हणाली, "तवय याच लोकेसनी उचललं. आपलाकडे देवाले दुसरं काय शे? तुन्हा हात शे. जाय." त्याने चार दिवस वाद घातला. मग सलग दहा दिवस बसून त्याने तिच्यासाठी दोन जोड केले, एक चैत्रापर्यंतचा, एक त्यापुढचा. तिच्या पावलांचा खाका जाड पुठ्ठ्यावर कापून खोलीतल्या खिळ्याला टांगला आणि त्याच पुठ्ठ्याभोवती पेन्सिल फिरवून उतरवलेला कागद स्वतःच्या बायबलमध्ये ठेवला. शेजारच्या बेबाबाईला बसवून त्याने पाऊल उतरवायला शिकवलं. बेबाबाई विधवा, चौथी शिकलेली, पत्रं तीच लिहिणार होती. नाताळला एकदा आणि इस्टरला एकदा पाऊल उतरवून पाठवायचं, म्हणजे सूज आली, बोट आखडलं, काहीही झालं तरी त्याला तिथे बसून कागदावर दिसेल. बेबाबाईने रोज संध्याकाळी तळवे बघायचंही कबूल केलं. एवढी तजवीज करून तो बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा घेऊन गाडीत बसला. भुसावळच्या फलाटावर द्रौपदाबाई जुन्याच चपला घालून आली होती. नवी का नाही घातली म्हणून त्याने विचारलं, तर म्हणाली, अजून ही चालते ना. तेवढ्यात गाडी सुटली.

नेपाळात त्याचे पहिले दोन महिने फार वाईट गेले. थंडी त्याला ठाऊकच नव्हती. खानदेशातला माणूस, पंचेचाळीस डिग्रीत झोपणारा. तिथे सकाळी तळ शिवायचा दाभण हातात धरवेना. भाकरीविना जीव कासावीस व्हायचा. बिबडी त्याने मोजून पंधरवड्याला एक खाल्ली. त्यात त्याला वाटलं होतं की संध्याकाळी रोग्यांना जमवून प्रभूची साक्ष द्यायची, आपली आणि आईची कहाणी सांगायची. तिथल्या वडील नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की इथल्या कायद्याने धर्म सांगायला मनाई आहे, तुम्ही फक्त चपला करा. त्याला वाईट वाटलं. एवढ्या लांब फक्त चपला करायला आलो का, असं त्याने पहिल्या पत्रात लिहिलं. द्रौपदाबाईने बेबाबाईकडून उलट लिहून घेतलं की तुझ्याकडून देवाने आणखी काय मागितलंय?

मग त्याचं मन हळूहळू लागलं. दोन-दोन दिवस डोंगर उतरून माणसं यायची, पायांना चिंध्या गुंडाळलेली. कागद अंथरून तो पुढ्यात गुडघे टेकून बसला की ती दचकून पाय मागे घ्यायची. एक म्हातारा तर रडायलाच लागला. त्याच्या पायाला बावीस वर्षांत कोणी हात लावला नव्हता, असं नर्सबाईंनी सुकदेवला समजावून सांगितलं. सुकदेवने तो पाय तसाच धरून ठेवला. त्या रात्रीच्या प्रार्थनेत त्याने आईचे पाय आणि त्या म्हाताऱ्याचे पाय एकाच दमात देवापुढे ठेवले आणि वर्ष कसं जाईल ही काळजी त्या दिवसापासून सोडली.

आईची पत्रं यायची. सगळ्यांत एक ओळ असायचीच: चप्पल रोज घालते. आणि खरंच घालत होती हो, रोज घालत होती. कोणती, ते लिहिलं नव्हतं.

त्या दोन नव्या जोड्या तिने वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत ठेवल्या होत्या. तिचा हिशेब सरळ होता. घरचं माणूस परदेशी असताना नवं घालायचं नसतं. नाताळला सगळ्या मंडळीने नवी लुगडी नेसली, ही जुन्यात गेली. सुकदेव येईल त्या दिवशी नवी चप्पल घालून भुसावळच्या फलाटावर उभी राहीन, एवढंच तिने मनात धरलं होतं. आणि दुसरा जोड? दुसराही ठेवला, कारण पहिलाच अजून नवा होता. बेबाबाई बोलायची, पण द्रौपदाबाईपुढे बेबाबाईचं काय चालणार. नाताळचा कागद खरा होता. उतरवताना पेन्सिल जरा हलली होती, पण सुकदेवने तो बायबलमधल्या कागदावर ठेवून पाहिला आणि त्याचं समाधान झालं.

शुभ शुक्रवारी दुपारी जुन्या चपलेचा पट्टा तुटला. चर्चच्या अंगणातली फरशी चैत्राच्या उन्हात तव्यासारखी तापलेली, आणि तीन तासांची उपासना सुरू व्हायच्या आधी अंगण झाडायचं होतं. पेटी उघडली असती तर? पण तिने पेटी उघडली नाही. अनवाणी पायांनी तिने सगळं अंगण झाडलं, दोनदा पाणी शिंपडलं, आणि तिला काहीच कळलं नाही. सणाच्या धांदलीत ते दोन दिवस बेबाबाईचंही तळवे बघणं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी, इस्टरच्या पहाटे, खोलीच्या जमिनीवर ओले डाग दिसले तेव्हा तिने पाय वर करून पाहिलं. डाव्या तळव्याची कातडी फुगून फुटली होती.

बेबाबाईने तेव्हाच दवाखान्यात चल म्हणून हात धरला. द्रौपदाबाईने हात सोडवून घेतला. दवाखान्यात गेली की मिशनला कळणार, मिशनला कळलं की सुकदेवला कळणार, आणि सुकदेव काम टाकून धावत येणार. हळद लावली की बरं होईल, म्हणाली. आणि मग इस्टरचा कागद आला आडवा. पाय सुजून हा एवढा झाला होता. तो कागदावर उतरवला तर डोंगरापलीकडच्या माणसाला घडाघडा वाचता येणार होता. तेव्हा द्रौपदाबाईने खिळ्यावरचा पुठ्ठ्याचा खाका काढला, कागदावर ठेवला आणि बेबाबाईला म्हणाली, "येन्हाभवती फिरव पेन्सिल." बेबाबाई नाही म्हणाली. द्रौपदाबाईने तिला सुकदेवच्याच जिवाची शपथ घातली. बेबाबाई आजही हे सांगताना पदर तोंडाला लावते. तिने पेन्सिल फिरवली आणि खाली लिहिलं, चप्पल रोज घालते.

ते पत्र सुकदेवला मे महिन्यात मिळालं. तो खिडकीशी गेला, बायबलमधला कागद काचेवर धरला आणि त्यावर नवा कागद ठेवला. रेघेवर रेघ. केसाइतकाही फरक नाही. तो इतका खूश झाला की वडील नर्सबाईंना दाखवायला घेऊन गेला. माझ्या आईचा पाय सात महिन्यांत जरासुद्धा बदललेला नाही, म्हणाला. त्याही म्हणाल्या, छान. त्याने आईला लिहिलं की आता मी निर्धास्त आहे, वर्ष पुरं करूनच येतो.

जुलैत एक तरुण डोंगरातून उतरून आला. आईला नवी चप्पल हवी होती, पण पावसात तिला आणणं कठीण, म्हणून त्याने दोन वर्षांपूर्वीचा तिच्या पावलाचा कागद आणला होता. याच मापाची करून द्या, पाय तोच आहे, म्हणत होता. सुकदेव हसला. एव्हाना त्याला तिथली भाषा बरीच यायला लागली होती. त्याने तो कागद बाजूला सारला आणि म्हणाला, "तसं नसतं रे भाऊ. पाय जिवंत असतो. आज उतरवला तसा उद्या उतरत नाही. दोन कागद सारखे आले तर समज की..."

त्याचं वाक्य तिथेच थांबलं. तो तरुण वाट बघत बसला. सुकदेव उठला, खोलीवर गेला, बायबलमधले कागद काढून त्याने पुन्हा काचेवर धरले. अंगठ्याच्या बाजूला पुठ्ठा कापताना त्याची कात्री किंचित घसरली होती, तेवढी खोच इस्टरच्या कागदावर जशीच्या तशी होती. मिस्तरींनी हातातून कात्री काढून घेतली होती ती याचसाठी, आणि हा गडी दोन महिने तोच कागद बायबलमध्ये ठेवून देवाचे आभार मानत होता. त्याचं त्यालाच इतकं वाईट वाटलं की तो खिडकीशी उभ्याउभ्याच रडला.

नर्सबाईंनी अडवलं नाही. भिंतीच्या खिळ्यावर एकतीस जणांच्या पावलांचे कागद लटकत होते, चपला अजून व्हायच्या होत्या. ते तसेच सोडून तो त्याच दुपारी निघाला. पावसाने दोन ठिकाणी रस्ता वाहून गेला होता. काही पायी, काही ट्रकवर, मग बस, मग गाडी, असं करत सहाव्या दिवशी तो भुसावळला उतरला.

देवपुरातल्या खोलीला कुलूप होतं. बेबाबाई मोठ्या सरकारी दवाखान्यात होती, द्रौपदाबाईच्या खाटेशी. तिला आणून पाच दिवस झाले होते. पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला होता आणि विष रक्तात गेलं होतं. पाय कापूनही आता उपयोग नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बेबाबाईने दारातच सुकदेवचे पाय धरले. त्याने तिला उठवलं आणि तसाच आत आईकडे गेला, ते आपल्याला मारण्यापेक्षा जास्त लागलं असं ती म्हणते.

द्रौपदाबाई तापात होती, पण शुद्धीवर होती. त्याला पाहून तिने आधी पायावर चादर ओढली.

"कव्हय उना?" तिने विचारलं.

"आत्ताच, माय."

"वाळी गया रे. तठे जेवाले देत नव्हतात का?"

"देत होते. तुझ्या हातचं नव्हतं."

ती थोडी हसली. तिला दिवस-महिन्यांचा हिशेब कधीच नीट यायचा नाही, आणि तापात तर तो पुरता सुटला होता. तरी तिच्या मनात एक शंका होतीच.

"वरीस पुरं व्हयनं ना?" ती म्हणाली. "देवनं काम अर्धं सोडीसन त नही उना?"

सुकदेव जन्मात आईशी खोटं बोलला नव्हता. खिळ्यावरचे एकतीस कागद त्याच्या डोळ्यापुढे होते.

"पुरं झालं, माय," तो म्हणाला. "सगळ्यांच्या चपला देऊनच आलो."

"मंग बरं," ती म्हणाली. तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने पुन्हा उघडले. "तुन्ह्या चपला पेटीमा ठेयेल शेतस. दोन्ही जोड. तू येशी तवय घालसू म्हनं होतं. आते कशी घालू?"

"मी घालतो," सुकदेव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. खोलीवर येऊन त्याने पेटी उघडली. वर लुगडं, लुगड्याखाली तो गेला त्याच महिन्याच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन जोड. त्याने ते उलटे करून पाहिले. तळाला त्याच्या खडूच्या खुणा तशाच होत्या. पेटीचं झाकण बंद करायला बेबाबाईला यावं लागलं, कारण तो तिथून हलेना.

त्याने बोलल्याप्रमाणे केलं. शवपेटीत ठेवण्याआधी आईच्या पायांत नवी चप्पल घातली. उजवी नीट बसली. डावा पाय एवढा सुजला होता की पट्टे उसवून, पुन्हा मोठे करून शिवावे लागले. मंडळी बाहेर उभी, पाळकसाहेब दोनदा आत येऊन वेळ झाल्याचं सांगून गेले. सुकदेवने जमिनीवर बसून, नवा कागद अंथरून, तो पाय शेवटचा उतरवून घेतला आणि मगच दाभण हातात धरला. हिलाल मिस्तरी एव्हाना काम सोडून एरंडोलला राहायचे, तिथून आले होते, ते त्याच्या शेजारी बसून मेणाचा दोरा ओवून देत राहिले.

नेपाळातून दोन पत्रं आली, परत येणार का म्हणून. तो गेला नाही. आईला तर वर्ष पुरं झाल्याचं सांगून बसला होता, आता कोणत्या तोंडाने पुरं करायला जाणार? त्या एकतीस जणांचं पुढे काय झालं, हे त्याने विचारायचं धाडस केलं नाही. दर रविवारी तो त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. ज्यांची नावं आठवतात त्यांची नावं घेऊन करतो.

आता दहा वर्षं झाली. मिशनच्या त्याच दवाखान्यात, हिलाल मिस्तरींच्या जागेवर तो बसतो. लग्न केलं, दोन मुली आहेत. दुसरा जोड भिंतीला टांगलेला आहे. टपालाने आलेला पावलाचा कागद तो घेत नाही, कितीही लांबचा रोगी असो. सायकल घेऊन स्वतः जातो, साक्रीपर्यंतसुद्धा गेला आहे. आणि येणाऱ्यांमध्ये दर महिन्याला एखादी बाई निघतेच, फाटक्या चपलेतली. मागची नवी कुठे गेली, म्हणून विचारलं की खाली बघत सांगते, आहे ना भाऊ, जपून ठेवलीय, लेकीच्या लग्नात घालीन.

सुकदेव रागावत नाही. भिंतीवरचा जोड काढून तिच्या हातात देतो. रबर आता कडक होऊन चिरा पडल्यात. "उलटी करून बघा, अक्का," म्हणतो. ती बघते, तळाला अजून खडूची खूण असते. कुणाची आहे म्हणून तिने विचारलं तर आईची, एवढंच सांगतो. मग जोड परत खिळ्याला लावतो, तिच्या पुढ्यात कागद अंथरतो आणि गुडघे टेकून म्हणतो, "ठेवा पाय."